झाकणाची कळ

९ जानेवारी २०१३, बुधवार

खताच्या दुकानातून मिळालेली ही डायरी दोन वर्षं फडताळात कोरी पडली होती. छापलेल्या तारखा खोडून वर नव्या लिहिते आहे. आज लिहिण्यासारखं घडलं.

आपल्या चांदणमाळ दूध उत्पादक सहकारी संस्थेत कॉम्प्युटर आला. केजहून बंकटभाऊ जीपमधून तो मांडीवर घेऊन आले, लेकराला घेतात तसा. बंकटभाऊ आता कॉम्प्युटर दुरुस्त करतात, पण मी त्यांना ओळखलं ते टाइपरायटरवाले म्हणून. लग्नाआधी मी बीडला टायपिंगच्या क्लासला होते, तेव्हा महिन्यातून एकदा ते तेलाची कुपी आणि ब्रश घेऊन मशीनं साफ करायला यायचे. मी ओळख दिली तर म्हणाले, "तीन नंबरच्या मशीनवरची पोरगी का तू? लई जोरात हाणायचीस. तुज्या 'क'चा खिळा मी दोनदा बदललाय."

मिनिटाला तीस शब्दांची मराठी परीक्षा मी पहिल्या झटक्यात पास झाले होते. सर्टिफिकेट पेटीत आहे. मग लग्न झालं आणि ही बोटं शेणात आणि पिठात गेली. चार वर्षांपूर्वी संस्थेची सचिव झाले तरी सचिव म्हणजे दूध मोजायचं, फॅट लावायची, कॅन धुवून घ्यायचे आणि अर्ज हाताने लिहायचे. बंकटभाऊंनी टाइपरायटरचीच मांडणी आत बसवून दिली. मी बोटं ठेवली आणि अक्षरं कुठं आहेत हे बोटांना माझ्याआधी आठवलं. तेवीस वर्षांनी. मला रडू आलं, पण समोर अध्यक्ष विठ्ठलराव उभे होते, म्हणून कॅनकडे बघत बसले.

११ जानेवारी, शुक्रवार

दूध आज तीन कॅन. गेल्या वर्षी या दिवसांत सात असायचे. चारा नाही, तर गाई तरी काय देतील. दूध कमी म्हणून सकाळी नऊलाच मोकळी झाले आणि यंत्रापुढे बसले.

टाइप करणं सोपं आहे. छळ आहे तो सजावटीचा. एक नाव ठळक करायचं तर आधी उंदीर पकडा, नाव रंगवा, वर जाऊन ठळक करा, मग आकार वाढवा, मग मधोमध आणा. पुढच्या नावाला पुन्हा तेच. बंकटभाऊंना फोन लावला. ते म्हणाले, "कळ बांधून घ्या की. एकदा सांगून ठेवायचं, आसं नाव आसं दिसलं पायजे. मग दोन बोटं दाबली की झालं."

मला वाटलं थट्टा करतात. पण नाही. सगळी सजावट एकदा ठरवायची, तिला नाव द्यायचं, खालच्या यादीत शिरून 'शॉर्टकट की' उघडायची. एक रिकामी चौकट येते. त्यात आपल्याला हवी ती कळ दाबायची आणि मान्य म्हणायचं. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या यंत्रानं मला विचारलं की बाई, तुला कसं पाहिजे.

पहिली कळ बांधली 'सभासद'. कंट्रोल आणि S. सभासदाचा S. नाव बारा आकारात, साधं, डावीकडे, मागे आपोआप क्रमांक. दुपारभर नुसती दाबत बसले.

१२ जानेवारी, शनिवार

माझ्यासारखी शहाणी मीच. काल बंकटभाऊंनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, कळ बांधून घ्या. दुसरी, लाईट कधीही जाते, म्हणून मधूनमधून कंट्रोल-S दाबून काम जपून ठेवत जा. दोन्ही मी पाळल्या. सबंध सभासद यादी टाइप केली, दर पाच मिनिटांनी कंट्रोल-S दाबलं. साडेअकराला लाईट गेली. दोनला आली तर यादी नाही.

जपून ठेवायची कळ मीच काढून सभासदाला दिली होती. बंकटभाऊ फोनवर इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, "चौकटीखाली लिवलेलं आसतं, ही कळ आदीच कोणाची हाय. ते वाचायचं आसतं, बाई." वाचलं होतं मी. वाटलं, त्याला दुसरी मिळेल.

१३ जानेवारी, रविवार

जुन्या कळा ज्याच्या त्याला परत केल्या. माझ्या सगळ्या आता ऑल्टवर. सभासद ऑल्ट-S. यादी पुन्हा टाइप केली, एकशे एकतीस नावं, दीड तासात. बोटं उडत होती. उद्या संक्रांत आणि तीळ अजून निवडलेले नाहीत. आमचे हे टँकरवर ड्रायव्हर, अंधारात जातात आणि उन्हं उतरली की येतात. आज आल्या आल्या म्हणाले, "तुजं तोंड आसं का फुललंय? पाऊस पडला का काय संस्थेत?"

२२ जानेवारी, मंगळवार

सव्वीस जानेवारीच्या झेंड्याची पत्रिका. आपल्याकडे पत्रिका म्हणजे मजकूर नसतो, नावं असतात. आणि नावं म्हणजे अक्षरं नसतात, आकार असतो. अध्यक्ष सगळ्यात मोठे, उपाध्यक्ष त्याहून चिमूटभर लहान, संचालक त्याखाली, आणि तळाला 'आपले नम्र'. मागच्या वर्षी केजच्या छापखान्यानं उपाध्यक्ष मोहनरावांना संचालकांच्या मापात छापलं, तर ते झेंड्याला आलेच नाहीत. घरात बसून राष्ट्रगीताला उभे राहिले म्हणे.

म्हणून मी कळाच बांधल्या. ऑल्ट-A म्हणजे अध्यक्ष: चोवीस, ठळक, मधोमध. ऑल्ट-U उपाध्यक्ष: वीस. ऑल्ट-D म्हणजे डायरेक्टर: सोळा. संध्याकाळी मोहनराव येऊन पट्टीनं मोजून गेले. "आमी आन त्येंच्यात किती फरक ठिवला?" मी म्हटलं, चार. ते म्हणाले, "दोन करा." बावीस केलं. कळ एकदा दुरुस्त केली की पत्रिकेत जिथं जिथं मोहनराव होते तिथं तिथं आपोआप मोठे झाले. ते खुर्चीत बसून बघत राहिले. मग म्हणाले, "पुन्ना एकदा लहान करून मोठं करा बरं."

इतकं हसू दाबून धरलं होतं की घरी येऊन चुलीपुढे हसले.

२८ जानेवारी, सोमवार

मोठी बातमी. आपल्या संस्थेला गुरांची छावणी मिळण्याची शक्यता आहे. तहसीलला प्रस्ताव द्यायचा, सोबत जनावरं असलेल्या सभासदांची यादी. यादीत नाव असेल त्याच्या जनावराला छावणीत दावण, चारा, पाणी. नाव नसेल तर नाही. विठ्ठलराव म्हणाले, "वहिनी, तुमच्या मशीनीची परीक्षा हाय. शुक्रवारी कागद केजला गेला पायजे." हाताने लिहायचं तर चार दिवस फक्त रेघा मारण्यात गेले असते. मी म्हटलं, उद्या देते.

यादी तयार होतीच, प्रत्येक नावापुढे जनावरं भरायची होती. सकाळी दूध घालायला रांगेत पहिल्या नेहमीप्रमाणे भिवराबाई मावशी. माळावरच्या वस्तीतून कोस चालून येतात. त्यांचा आश्रुबा आणि सून दिवाळी झाल्यावर ऊसतोडीला गेले, मागे ही म्हातारी, एक गावरान गाय, एक जर्सी आणि वासरू. मावशींना वाचता येत नाही, पण त्या सभासद क्रमांक सात आहेत. संस्था निघाली तेव्हा सातवा अंगठा त्यांचा. भिंतीवर कसलीही यादी लागली की त्या वरून बोट लावून ओळी मोजतात, सातव्या ओळीवर थांबतात, आणि मग जातात.

आज त्यांनी काचेवरच बोट ठेवून मोजलं. "सातवी वळ. ही मी का?" म्हटलं, हो मावशी. म्हणाल्या, "लई काळी दिसते." मग मी त्यांची ओळ रंगवून निळी केली, लाल केली, पुन्हा काळी केली. त्या तोंडाला पदर लावून हसल्या. काचेवर त्यांच्या बोटाचा दुधाचा ठसा राहिला, तो जाताना पुसला.

३१ जानेवारी, गुरुवार

आज जे शिकले ते आतापर्यंतच्या सगळ्यात भारी आहे.

विठ्ठलराव यादी वाचत बसले होते. खिशातून पेन काढून तेवीस नावांवर बारीक खूण केली. म्हणाले, "ही तेवढी काढा." मी विचारलं, का? म्हणाले, "ऊसतोडीला गेलेली घरं हायत. मालक गावात न्हाई, सही कोण करणार? साहेबानं एक प्रश्न इचारला की समदा प्रस्ताव लटकतो. तेवीसच्या पायी शंभराचं नुकसान करायचं का?" मग एक चिठ्ठी दिली, त्यात चौदा नवीन नावं. ही खाली जोडा म्हणाले, नवीन सभासद. आडनावं त्यांच्या सासुरवाडीकडची निघाली. एवढ्या लांबून आपल्या संस्थेत यावंसं वाटतं लोकांना, बरं वाटलं.

सही नाही हे खरं होतं. पण एकदा काढलेलं नाव गेलं ते गेलं, मार्चमध्ये ही माणसं परत आली की मी पुन्हा कुठं शोधत बसू. क्रमांक सातसुद्धा त्यातच. मला काही केल्या पुसवेना. बंकटभाऊंना विचारलं, नाव न पुसता दिसेनासं करता येतं का? म्हणाले, येतं की. अक्षर 'लपवलेलं' म्हणून ठरवायचं. फाईलमध्ये राहतं, कागदावर येत नाही.

लगेच कळ बांधली. ऑल्ट-Z. झाकणाचा Z. नाव रंगवलं, दाबलं, गेलं. पुन्हा सगळं रंगवून दाबलं, आलं. आणि कमाल अशी की मध्ये फटसुद्धा राहत नाही. खालची नावं आपोआप वर सरकतात, क्रमांक आपोआप बदलतात. कुणी होतं असं वाटतच नाही. दुधावर झाकण ठेवावं तसं, आत सगळं जागेवर. विठ्ठलरावांचंही झालं, माझंही झालं. इतकी सोयीची गोष्ट मी आजवर बघितली नव्हती.

फक्त एक गंमत वाटली. ऊसतोडीला गावठाणातलीही दहा-बारा घरं गेलीत. त्यांच्या नावांवर खूण नव्हती. खुणा सगळ्या माळावरच्या वस्तीवर होत्या, म्हणजे मागच्या निवडणुकीत जिथून विठ्ठलरावांविरुद्ध उमेदवार उभा होता तिथंच. घाईत राहून गेलं असेल. मी आठवण केली तर म्हणाले, "ते बघू आपण नंतर."

१ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रस्ताव गेला. बावीस पानं, प्रत्येक मथळा एका मापाचा, प्रत्येक रकाना सरळ. तहसीलमधल्या कारकुनानं विचारलं म्हणे, बीडहून करून आणलं का? विठ्ठलरावांनी हे मला स्वतः येऊन सांगितलं. रात्री झोपच येईना आनंदानं.

६ फेब्रुवारी, बुधवार

छावणी सुरू. तळ्याच्या कोरड्या पोटात पत्रे आणि कापड टाकून रांगा केल्यात. ट्रकभर उसाचं वाढं आलं. हिरवं बघून गाई अशा ओरडायला लागल्या की माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं. दाराशी मी केलेली यादी, फळ्याला चिकटवलेली. लोक आपापलं नाव बोटानं शोधत होते. माझी अक्षरं एवढ्या लोकांनी कधी वाचली नव्हती.

७ फेब्रुवारी, गुरुवार

आज भिवराबाई मावशी दूध घेऊन आल्या नाहीत. दुपारी आल्या त्या छावणीकडून. तिन्ही जनावरं घेऊन उन्हात कोसभर गेल्या होत्या. फळ्यावर बोट लावून सात ओळी मोजल्या आणि दारावरच्या माणसाला म्हणाल्या, ही मी. तो म्हणाला, हे तर सटवाचं नाव हाय. मावशी म्हणाल्या, नीट वाच. त्यानं सगळी यादी वाचून दाखवली. मग जनावरं परत फिरवली.

माझ्यापुढे बसल्या आणि म्हणाल्या, "कावून गं सत्यभामा? सातवी वळ माजी व्हती ना? तूच दावली व्हतीस काचंत."

मी म्हटलं, मावशी, आश्रुबा नाही, सही नाही, म्हणून जरा थांबवलंय. नाव गेलं नाही, आहे यंत्रात. उघडूनसुद्धा दाखवलं. ऑल्ट-Z दाबलं, सातवी ओळ आली. त्यांनी बघितली. म्हणाल्या, "हितं हाय म्हंतीस. मग गाईला हितंच बांदू का?"

मी उठून तांब्या भरला. पाणी दिलं, ते त्यांनी वासराला पाजलं. उठताना म्हणाल्या, "माजं लेकरू तिकडं ऊस तोडतंय. त्येनंच तोडल्याल्या उसाचं वाढं हिकडं येतंय. आन त्येच्याच गाईला न्हाई." मंगळवारी गावरान गाय बाजाराला नेणार आहेत. जर्सी कोणी घेणार नाही इतकी वाळली आहे.

त्या गेल्यावर एकही कळ दाबली नाही.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

विठ्ठलरावांना म्हटलं, भाऊजी, माळावरच्या म्हाताऱ्यांचे अंगठे घेऊ. जनावरं तर इथंच आहेत. ते हसून म्हणाले, "वहिनी, मशीन तुमची, संस्था आमची. पुढच्या यादीत बघू." बोलणं गोडच होतं. पण नंतर म्हणाले, केजला एक पोरगी हाय म्हणे, कॉम्प्युटर शिकलेली, कमी पगार चालतो तिला. हे मला का सांगितलं ते घरी येईपर्यंत कळलं नाही, आणि कळल्यावर जेवण गेलं नाही. तेवीस वर्षांनी बोटं परत मिळालीत मला. स्पष्टच लिहिते, मावशींच्या गाईपेक्षा आधी मला माझी खुर्ची आठवली.

१० फेब्रुवारी, रविवार

तहसीलमधून निरोप. छावणीची यादी पेनड्राइव्हवरही पाहिजे, सगळ्या छावण्यांचं एकत्र करायचंय. उद्या अध्यक्ष आणि सचिव दोघांनी यायचं. तहसीलच्या कचेरीत माझी फाईल उघडणार. भीतीपेक्षा उत्साहच जास्त वाटतो आहे, याची लाज वाटते. निळी साडी काढून ठेवली.

११ फेब्रुवारी, सोमवार

सगळं लिहून काढते, नाहीतर उद्या मीच म्हणेन असं झालं नव्हतं.

नायब तहसीलदार मॅडमनी पेनड्राइव्ह स्वतः लावला. फाईल उघडली आणि म्हणाल्या, "छान केलंय. कुणी केलं?" विठ्ठलरावांनी माझ्याकडे हात केला. माझे कान तापले. मग मॅडम पडद्याजवळ वाकल्या. "पण ही काही नावांखाली टिंबं टिंबं कसली? आणि कागदावर एकशे बावीस आहेत, इथं एकशे पंचेचाळीस दिसतायत."

मी वाकून बघितलं. माझी तेवीस नावं. सगळीच्या सगळी, आपापल्या जागी, प्रत्येकीखाली टिंबांची रेघ. बंकटभाऊंना नंतर विचारलं तर म्हणाले, त्या यंत्रावर उलट्या P सारखं एक चिन्ह दाबून ठेवलेलं असणार, त्यानं लपवलेलं सगळं दिसतं. मला काय माहीत. मी समजत होते, झाकण माझं म्हणजे उघडणार मीच.

विठ्ठलराव म्हणाले, "ती जुनी हायत मॅडम. वहिनीकडून चुकून राह्यली. वहिनी, काढा ती." मॅडम खुर्चीतून उठल्या. "बसा, करा दुरुस्त."

मी बसले. आणि खरं लिहिते, माझं बोट झाकायलाच गेलं होतं. सातवी ओळ रंगवली आणि ऑल्ट-Z दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. नाव तसंच. तिसऱ्यांदा दाबताना ध्यानात आलं, कळा मी संस्थेतल्या यंत्रात बांधल्यात. त्या तिथंच राहिल्या. इथं मला कुणी ओळखत नाही, ना A, ना S, ना Z. तेवीस वर्षांपूर्वीची मी होते आणि समोर नुसतं 'भिवराबाई' असं नाव होतं, आणि माझ्या बोटांत त्यावर काहीच उपाय नव्हता.

मागून विठ्ठलराव हळूच म्हणाले, "वहिनी, आवरा."

मी हात मांडीवर घेतले आणि म्हटलं, "मॅडम, ही चुकून राहिली नाहीत. मी झाकली आहेत. माणसं ऊसतोडीला गेलीत. जनावरं गावात आहेत, म्हातारी माणसं सांभाळतात. सही नाही म्हणून नावं झाकली. उद्या यांतली एक गाय बाजारात जाणार आहे."

मॅडमनी विचारलं, "सांभाळणाऱ्याचा अंगठा का नाही घेतला? एवढंच तर पाहिजे." मी म्हटलं, "चालतो का तो?" त्या म्हणाल्या, "जनावर काय सहीला बांधलेलं असतं का?" मग यादीच्या तळाशी गेल्या. "आणि ही शेवटची चौदा नावं, ही कुठल्या गावची?" विठ्ठलराव पाणी पीत होते. त्यांनी सबंध तांब्या संपवला. इतकी तहान का लागली त्यांना, जीपमध्येही बाटली होती. मॅडम म्हणाल्या, त्या चौदांचं आम्ही बघतो. तेवीस अंगठे उद्या चारपर्यंत आणा.

परतताना जीपमध्ये, मस्साजोगच्या फाट्यावर विठ्ठलराव म्हणाले, "उद्यापासून संस्थेची किल्ली माज्याकडं ठिवा." मी पदराची गाठ सोडून तिथंच दिली.

संध्याकाळी यांना सांगितलं. वाटलं रागावतील. त्यांनी टँकरचा पाईप गुंडाळून ठेवला आणि म्हणाले, "अंगठे घ्यायला कशी जाणार? पहाटेची खेप वस्तीवरच हाय माजी. बस टँकरात. आन जाताना शाईची डबी घे."

१२ फेब्रुवारी, मंगळवार

पहाटे वस्तीवर पोचलो तेव्हा भिवराबाई मावशी गाईच्या शिंगांना तेल लावून दावं सोडत होत्या. बाजाराला निघाल्या होत्या. मी टँकरातून उडी मारली, साडी दारात अडकून फाटली. निळीच. मावशींना म्हटलं, दावं बांधा, अंगठा द्या. त्यांनी गाईच्या पाठीवर कागद ठेवला आणि दाबला. गाय हलली म्हणून जरा तिरका उमटला.

एका तासात तेवीस झाले. काही म्हाताऱ्यांनी दोन्ही अंगठे दिले, एक नाही उमटला तर दुसरा असावा म्हणून.

आता यादी छापायची आणि संस्थेला कुलूप. दहा वाजता पायरीवर बसून हातानं लिहायला घेतलं. रेघा मारल्या, सात नावं लिहिली. साडेदहाला विठ्ठलराव आले. उभे राहिले. केजची पोरगी सकाळी येऊन गेली म्हणाले. तिनं कॉम्प्युटर उघडला, दहा मिनिटं बसली आणि म्हणाली, हितं कोणतीच कळ जिथल्या तिथं न्हाई, समदी टाइपरायटरची मांडणी हाय, मला जमायचं न्हाई. मग चुळबुळ करत म्हणाले, "छावणीच्या दारावर बोर्ड लावायचाय. आमदार येणार हायत परवा. नावं मापात पायजेत." आणि किल्ली पायरीवर ठेवली, हातात दिली नाही.

मी कुलूप काढलं. आधी सगळी फाईल रंगवली आणि ऑल्ट-Z दाबलं. तेवीसही नावं वर आली. मग ती कळ मोडली. जिथून बांधली होती तिथं जाऊन 'काढून टाका' म्हटलं. Z आता कुणाचाच नाही. ज्या चौदा नावांवर मॅडमनी काल कागदावर लाल रेघ मारली होती, ती नावं पुसली. साडेतीनला कागद केजला पोचला.

मग अध्यक्षांचा बोर्ड केला. चोवीस पुरेनात, अठ्ठेचाळीस केलं. होऊ दे मोठं. अक्षराला दावण लागत नाही. मोहनराव शेहेचाळीस.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

आज छावणीत कॅन ठेवायला गेले होते. आमदार येऊन गेले, बोर्डापुढे फोटो झाले. विठ्ठलराव माझ्याशी कामापुरतं बोलतात. हारातलं एक फूल मात्र माझ्याकडे पाठवलं, बहुतेक बोर्डासाठी.

गर्दी पांगल्यावर भिवराबाई मावशी आल्या. गाई मागच्या रांगेत बांधल्या आहेत, वाढं खातायत हे मी आधीच बघून आले होते, पण मावशी आधी फळ्याकडे गेल्या. वरून बोट लावलं. एक, दोन, तीन. मी मागे उभी राहून त्यांच्याबरोबर मोजत होते, माझी यादी मला पाठ असूनही. सातव्या ओळीवर बोट थांबलं. त्यांनी मला विचारलं नाही. दारावरच्या माणसाला बोलावलं आणि म्हणाल्या, "वाच."

त्यानं वाचलं. मावशींनी ऐकलं आणि गाईकडे गेल्या.

परवाची शाई त्यांच्या अंगठ्याला अजून होती, सातव्या ओळीवर निळा डाग पडला आहे. दारावरचा माणूस म्हणाला, कागद खराब झाला, दुसरा छापून आणा. मी म्हटलं, आणते. पण आणणार नाही.